बोंडातली अळी, रक्तातली पेशी

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वीज केंद्राची उंच धुरांडी दिसायला लागतात. हे दीपनगर. इथल्या वसाहतीत आमच्या शेजारी एक काका राहायचे. नोकरी कोळसा विभागात, आणि मन बोदवड तालुक्यातल्या वडिलोपार्जित कपाशीच्या शेतात. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबई सुरू झाली. पहिल्या तीन केमोत गालावरची गाठ इतकी उतरली, की काकूंनी वसाहतीत पेढे वाटले.

पाच-सहा महिन्यांनी गाठ परत वर आली. तेच औषध, तोच डोस, पण गाठ हलेना. डॉक्टर म्हणाले, "हे औषध आता लागू पडत नाही. बदलावं लागेल."

काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घरात लग्न होतं म्हणून मधली एक केमो आठ दिवस पुढे ढकलली होती. "त्या आठ दिवसांत ते औषधाला सरावलं," त्या म्हणायच्या. येईल त्याला म्हणायच्या. एकदा काका पलंगावरूनच म्हणाले, "अगं, काही नाही. आपल्या कपाशीवर बोंडअळीचं झालं ना, तसंच आहे हे."

काका हे सहज बोलून गेले. त्यांना माहीत नव्हतं, की कॅन्सरच्या पेशीला औषध लागू का पडेनासं होतं या प्रश्नामागे शास्त्रज्ञ 1948 पासून आहेत, आणि त्यातल्या काहींना उत्तर शोधताना शेतातल्या किडीचाच आधार घ्यावा लागला. ही गोष्ट सुरू होते तीही कापसापाशीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत.

परळमधल्या बायका

1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्त पाण्यासारखं व्हायचं, धाप लागायची, अनेक जणी बाळंतपणाआधी किंवा बाळंतपणात दगावायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रक्तपेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या आणि कच्च्या दिसायच्या. नुसतं लोह देऊन त्या सुधारत नव्हत्या.

विल्स परळच्या हाफकिन संस्थेत काम करायच्या. रोगजंतू सापडतो का ते त्यांनी पाहिलं. मग या बायका काय जेवतात ते पाहिलं. ताटात भाजीपाला, दूध, फळं जवळजवळ नव्हतीच. तसाच निकृष्ट आहार त्यांनी आधी उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिला. आजारी पडलेलं माकड सुधारलं ते मार्माइटमुळे. मार्माइट म्हणजे यीस्टपासून केलेला, पावाला लावून खायचा एक काळा, खारट, स्वस्त अर्क. मग तो बायकांना दिला. त्यांचं रक्त भरायला लागलं. 1931 मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं.

यीस्टमधला तो घटक काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून असाच एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याला नाव मिळालं फॉलिक अ‍ॅसिड. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी मिळते, ती हीच. त्या गिरणी कामगार बायकांची नावं इतिहासात राहिली नाहीत. त्यांच्या रक्तातून सुरू झालेला हा धागा मात्र पुढे गेला.

'तात्पुरती'

फॉलिक अ‍ॅसिड लागतं कशाला? पेशी दोनाच्या चार होताना प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत काढावी लागते. त्या कामात फॉलिक अ‍ॅसिड लागतं. जिथे पेशी सतत नव्या बनतात, म्हणजे रक्तात, तिथे त्याची टंचाई सगळ्यात आधी जाणवते.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर रक्ताच्या कॅन्सरची, ल्युकेमियाची, मुलं पाहत होते. त्या काळी अशी मुलं काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जायची. पंडुरोगात फॉलिक अ‍ॅसिड रक्त वाढवतं, म्हणून तेच या मुलांना देऊन पाहिलं. आजार मंदावण्याऐवजी भडकल्यासारखा दिसला. फार्बर यांनी उलटा विचार केला. ज्यानं आजार वाढतो, तेच तोडलं तर?

त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिडसारखा दिसणारा, पण काम न करणारा पदार्थ हवा होता. म्हणजे कुलपात बसेल, पण फिरणार नाही अशी किल्ली. ती तयार झाली अमेरिकेतल्याच लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. औषधाचं नाव अमिनोप्टेरिन. त्याचंच जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, जे आजही वापरात आहे.

डिसेंबर 1947 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलाला हे औषध दिलं गेलं. फुगलेली प्लीहा उतरली, मुलगा खेळायला लागला. जून 1948 मध्ये फार्बर यांचा शोधनिबंध आला. 16 मुलांपैकी 10 जणांमध्ये स्पष्ट सुधारणा होती. वैद्यकाच्या इतिहासात हा क्षण मोठा मानतात. पण त्या निबंधाच्या शीर्षकातला पहिलाच शब्द होता 'तात्पुरती'. आजार उतरला, पण तात्पुरता. काही महिन्यांत तो त्याच मुलांमध्ये परत आला, आणि आता त्याच औषधाला दाद देईना.

कॅन्सरवरच्या औषधांचा इतिहास आणि त्या औषधांच्या पराभवाचा इतिहास असा एकाच निबंधात सुरू झाला.

आधी की नंतर?

काकूंचा प्रश्न तोच होता. पेशी औषधाला सरावली का? आपल्याला तिखटाची सवय होते तशी तिला विषाची सवय झाली?

की काही पेशी मुळातच वेगळ्या होत्या?

वरवर पाहता दोन्हींत फरक कळत नाही. शेवटी हाती येतात त्या न मरणाऱ्या पेशीच. हा गुंता सोडवायची युक्ती 1943 मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्यूक यांनी जिवाणूंवर दाखवली होती. लुरिया यांना ती सुचली एका समारंभात, सहकाऱ्याला पैशाच्या जुगार-यंत्रावर खेळताना पाहून. बराच वेळ काहीच पडत नाही, आणि मग एकदम भरघोस पडतं.

युक्ती अशी. थोडे थोडे जिवाणू अनेक वेगळ्या नळ्यांत वाढवायचे. मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर सोडायचे आणि किती वाचले ते मोजायचं. विषाणूशी गाठ पडल्यावर ते 'शिकत' असतील, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचतील, कारण सगळ्यांना शिकायची संधी सारखी मिळाली. पण तो बदल आधीच, योगायोगानं घडत असेल, तर एखाद्या नळीत तो पहिल्या पिढीतच घडलेला असेल आणि तिथे त्याची शेकडो पोरं-नातवंडं सापडतील. बाकीच्या नळ्यांत एक, दोन, किंवा शून्य.

आकडे तसेच आले. कुठे शून्य, कुठे ढीग. बदल आधीच झालेला होता.

1952 मध्ये अमेरिकेतल्या लॉइड लॉ यांनी हीच पद्धत उंदरांच्या ल्युकेमियाच्या पेशींवर वापरली आणि मारक म्हणून घेतलं फार्बर यांचंच फॉलिक-विरोधी औषध. निकाल तोच. दाद न देणाऱ्या पेशी औषध यायच्या आधीपासून तिथे होत्या. औषधानं त्यांना घडवलं नव्हतं. त्यांच्याभोवतीची गर्दी मारून त्यांना जागा मोकळी करून दिली होती.

थोडा हिशेब करू. एक सेंटिमीटरची गाठ, म्हणजे हाताला नुकती लागेल एवढी, तिच्यात ढोबळमानानं 100 कोटी पेशी असतात. समजा, एक कोटीत एकच पेशी अशी निघते, जिच्यात प्रत काढताना झालेल्या चुकीमुळे ते औषध चालत नाही. तरी त्या गाठीत अशा 100 पेशी झाल्या. पहिली सलाइन लागायच्या आधीच.

पेढे वाटले तेव्हाही त्या तिथे असतात. स्कॅनमध्ये दिसत नाहीत, इतकंच.

काचेतल्या पेशी

या पेशी नेमकं करतात काय, हे बघायला त्यांना शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवावं लागतं. भारतात हे तंत्र रुजवणाऱ्यांत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे होत्या. 8 नोव्हेंबर 2021 ला गूगलच्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या एका बाईचं चित्र आलं होतं. त्या ह्याच. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली शिकून त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या कॅन्सर पेशींचा पहिला अखंड वाढणारा वाण, 'हेला', ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला ते हे गाय. परत येऊन रणदिवेंनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. ल्यूसी विल्स यांची हाफकिन संस्था आणि 1941 मध्ये सुरू झालेलं टाटा रुग्णालयही याच परळमध्ये.

जगभरच्या अशा प्रयोगशाळांतून 1970 च्या दशकात दोन मोठी उत्तरं आली.

पहिलं मेथोट्रेक्सेटबद्दल. हे औषध ज्या कुलपात अडकून बसतं, ते एक प्रथिन असतं. 1978 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट शिम्के यांच्या गटानं दाखवलं, की औषधाला दाद न देणाऱ्या पेशींनी त्या कुलपाचा जनुक एकावर एक प्रती काढून वाढवलेला होता. किल्ल्या मोजक्या आणि कुलपं बेसुमार. काही कुलपं अडकली तरी बाकीच्यांवर पेशीचं काम चालू.

दुसरं उत्तर त्याच्या दोन वर्षं आधीचं, कॅनडामधलं. व्हिक्टर लिंग आणि रुडॉल्फ ज्युलियानो यांना दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणावर एक प्रथिन मुबलक आढळलं. ते पंपासारखं काम करतं. आत आलेलं औषध बाहेर उपसून टाकतं. अडचण अशी, की हा पंप एकाच औषधापुरता नसतो. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन असो, की रचनेनं त्याच्याशी काहीही नातं नसलेलं दुसरं औषध, तो अनेकांना बाहेर काढतो. म्हणून कधी कधी रुग्णाला कधीच न दिलेलं औषधही पहिल्या दिवसापासून चालत नाही.

पुढे एकेका कॅन्सरच्या नेमक्या बिघाडावर बेतलेल्या गोळ्या आल्या. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब 2001 मध्ये आली आणि त्या आजाराचं चित्र पालटलं. पण त्याच वर्षी काही रुग्णांत ती निष्प्रभ होण्याचं कारणही सापडलं. गोळी जिथे बसते तिथलं प्रथिनाचं एकच अक्षर बदललेलं होतं. कुलपाचा एक दात वेगळा झाला, की किल्ली बसत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'सरावणं' पूर्णपणे खोटंही नाही. 2010 नंतरच्या संशोधनात असं दिसलं, की काही पेशी जनुक न बदलता नुसत्या निपचित पडून औषधाचा मारा काढतात, जशी उन्हाळ्यात मातीत पडून राहणारी अळी. औषध थांबलं की परत वाढतात, आणि तेवढ्या वेळात त्यांच्यातल्या एखादीत खरा बदल घडू शकतो.

कपाशीवर काय झालं

आता काकांच्या शेतात जाऊ.

2002 मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, खानदेशात बीटी झपाट्यानं पसरली. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं. पण 2010 च्या आसपास गुजरातमधली गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नाही हे जाहीर झालं. पुढे ती दुसऱ्यालाही जुमानेनाशी झाली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी असं चित्र ठिकठिकाणी दिसलं.

बीटीनं अळीला शिकवलं नाही. अशा अळ्या आधीच, फार थोड्या, होत्या. बाकीच्या मेल्या आणि रान त्यांना मिळालं.

यावर उपाय माहीत होता. बियाण्याच्या पिशवीसोबत नॉन-बीटीची छोटी पुडी यायची. ती बांधाकडेनं लावायची, म्हणजे तिथे साध्या, मरणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग न मरणाऱ्यांशी जुगतात आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी होते. बहुतेकांनी ती पुडी लावली नाही. आपल्याच शेतात अळीला आश्रय कोण देणार? त्यात पाणी असलेल्यांनी मे महिन्यातच लागवड केली, आणि हंगाम संपल्यावरही अनेकांनी फरदड घेतली. अळीला वर्षभर खायला मिळालं.

मग हातात उरली फवारणी. जास्त, आणखी जहाल. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मारा वाढवत नेला तर मारणाराही आधी पडू शकतो. केमो देणाऱ्या डॉक्टरांना हे गणित रोज मांडावं लागतं.

दोन वाटा

या शर्यतीत माणसानं आजवर दोन वाटा शोधल्या.

पहिली, सगळी औषधं एकदम. ही कल्पना क्षयरोगाकडून आली. नुसत्या स्ट्रेप्टोमायसिनला क्षयाचे जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा त्याच्या जोडीला दुसरं औषध आलं. हिशेब सोपा आहे. एका औषधातून वाचणारी पेशी कोटीत एक, दुसऱ्यातूनही कोटीत एक, तर दोन्हींतून वाचणारी 100 लाख कोटींत एक. एवढ्या पेशी हाताला लागणाऱ्या त्या छोट्या गाठीत नसतातच. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी ल्युकेमियाच्या मुलांना चार औषधं एकत्र दिली. त्यात एक मेथोट्रेक्सेट, एक सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन. 1980 च्या दशकात टाटा रुग्णालय, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सोबतीनं भारतातल्या मुलांसाठी 'एमसीपी-841' ही अनेक औषधांची पद्धत बसवली. आज या आजारातून बरी झालेली मुलं आपल्या आसपास आहेत, ती या वाटेनं आली.

कपाशीत ही वाट चुकली, कारण दुसरं प्रथिन एकदम नाही, मागून आलं. अळीला एक-एक पायरी चढायला मिळाली.

दुसरी वाट ही, की जिंकता येत नसेल तेव्हा सगळ्यांना मारायची घाई करायची नाही. अमेरिकेतले रॉबर्ट गेटनबी यांनी ती थेट शेतीवरून उचलली. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर एकामागून एक कीटकनाशकं कशी निकामी झाली, याकडे त्यांनी बोट दाखवलं. साध्या पेशी थोड्या जिवंत ठेवल्या तर त्या जागा आणि रक्त अडवून दाद न देणाऱ्यांना वाढू देत नाहीत. इथे पतंगांसारखं जुगणं नसतं, फक्त चढाओढ. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ठरावीक तपासणीच्या आकड्यावर औषध थांबवायचं आणि परत सुरू करायचं, असा एक छोटा प्रयोग त्यांच्या संस्थेनं केला, आणि सुरुवातीचे निकाल आशादायक होते. हे अजून चाचण्यांतच आहे. त्यावरून कुणी घरी बसून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

याच्या जवळून जाणारी एक वाट परळमध्येही निघाली. डोक्या-मानेचा, म्हणजे बहुतेकदा तंबाखूनं होणारा तोंडाचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेला की नेहमीचं औषध असतं सिस्प्लॅटिन, शिरेतून. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 422 रुग्णांवर तुलना केली. अर्ध्यांना सिस्प्लॅटिन, अर्ध्यांना रोज सेलेकॉक्सिब आणि आठवड्यातून एकदा कमी डोसाचं मेथोट्रेक्सेट, दोन्ही तोंडानं घ्यायच्या गोळ्या. 2020 मध्ये निकाल आला. सिस्प्लॅटिनवर मध्यक आयुष्य 6.1 महिने, गोळ्यांवर 7.5 महिने, आणि गंभीर त्रासही कमी. अशा कमी, पण सतत दिलेल्या औषधाचा रोख फक्त कॅन्सर पेशीवर नसतो. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवरही असतो, आणि त्या वाहिन्यांच्या पेशी कॅन्सर पेशींइतक्या भराभर बदलत नाहीत.

दीड महिन्याचा फरक. आकडा लहान आहे. पण ज्याला भुसावळहून रात्रीच्या गाडीनं जावं लागतं, त्याच्यासाठी सलाइनऐवजी गोळी म्हणजे घरी घालवलेले कित्येक दिवस.

ज्या परळमध्ये गिरणी कामगार बायकांच्या रक्तातून फॉलिक अ‍ॅसिडचा माग लागला, तिथेच नव्वदएक वर्षांनी त्याची ती नकली किल्ली स्वस्त गोळीच्या रूपात परत आली.

काकूंना

काका जाऊन काही वर्षं झाली. काकू वसाहत सोडून गावी राहतात. मागच्या दिवाळीत गेलो होतो, तेव्हा त्यांनी परत ते आठ दिवस काढले.

उपचार वेळेवर व्हायला हवेत, हे खरंच. मोठे खंड पडले की पेशींना फावतं. दूर राहणाऱ्या, पैसे संपलेल्या माणसांवरच ती वेळ जास्त येते, हेही खरं. पण काकूंनी स्वतःवर घेतलेला आरोप तपासायला आपल्याकडे 1952 पासून एक उत्तर आहे. ज्या पेशींनी काकांना नेलं, त्या बहुधा लग्नाची तारीख ठरायच्या कितीतरी आधीपासून तिथे होत्या. काकांचं शरीर सरावलं नव्हतं, पथ्य चुकलं नव्हतं. लाखो-कोटी पेशींच्या गर्दीत एखादी वेगळी निघते, एवढंच झालं होतं.

मी त्यांना लुरियांच्या नळ्या समजावत बसलो नाही. म्हटलं, "काकू, पुडीतल्या बियांत एखादी वेगळी असतेच ना? ती तुम्ही टाकली होती का?"

त्या थोडा वेळ अंगणातल्या सदाफुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते म्हणायचे खरं, बोंडअळीसारखं आहे." आणि चहा ठेवायला उठल्या.